अँडीजची डोंगरी गावं, एकटीनं आणि बेताच्या पैशांत

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २९, राहणार नाशिक. सह्याद्रीत भरपूर ट्रेक झालेत, पण इतक्या लांब एकटीनं जायची ही पहिलीच वेळ. पेरू आणि बोलिव्हियातली डोंगरी गावं बघायची आहेत, हातात सहा आठवडे आणि विमानाचं तिकीट सोडून दीड लाख रुपये. स्पॅनिश येत नाही, मांसाहार करत नाही. पैसे पुरतील का, सुरुवात कुठून करू, आणि एकट्या बाईनं हे करावं का?

पैसे पुरतात, आणि एकटीनं जाताही येतं. पण तुम्ही जे विचारलंच नाहीत तेच आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे उंची. कुठलं गाव कितव्या दिवशी गाठायचं यावर अँडीजमध्ये तब्येत ठरते आणि खर्चही तिथेच ठरतो. मी बरीच वर्षं या भागात ये-जा करते आहे, आणि तिथे पैसे कशात जातात असं मला कुणी विचारलं तर मी ‘घाईत’ असं उत्तर देते. विमानानं थेट कुस्को, आगगाडीनं माचू पिचू, पहाटे तीनला निघून रात्री परत आणणारी सहल, आणि हे सगळं सोसलं नाही की क्लिनिकमधला ऑक्सिजन. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. दीड लाखापेक्षा ती मोठी पुंजी आहे.

कळसूबाई १,६४६ मीटर. पेरूतलं अरेकिपा हे आख्खं शहर २,३३५ मीटरवर वसलंय, म्हणजे तिथल्या बसस्थानकावर उतरलात की महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या बऱ्याच वर उभ्या असाल. कुस्को ३,४००, बोलिव्हियातलं ला पाझ साधारण ३,६००, टिटिकाका सरोवराकाठचं पुनो ३,८३०. पुनोत प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. सह्याद्रीत कमावलेला दम इथे फारसा कामी येत नाही. फुप्फुसं आणि पाय तयार असणं वेगळं आणि विरळ हवेची सवय होणं वेगळं. उलट तयारीच्या ट्रेकरलाच जास्त त्रास झालेला मी पाहिलाय, कारण पहिल्या दिवशी बरं वाटतं म्हणून तो पायऱ्या चढत सुटतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून कुस्कोचं विमान दीड तासाच्या आत ३,४०० मीटरवर नेऊन सोडतं. ते तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी सुरुवातीलाच घेऊ नका. लिमाहून बसनं अरेकिपा गाठा. सलग गेलात तर सोळा तासांच्या आसपास लागतात. रस्ता बराचसा किनाऱ्यानं जातो, वाटेत इका किंवा नास्काला मुक्काम टाकून तुकडे पाडता येतात. अरेकिपात निदान पाच-सहा दिवस राहा. शहर पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं, डोक्यावर ५,८२२ मीटरचा मिस्ती, आणि खासगी शिकवणीतून स्पॅनिश शिकायला यासारखी दुसरी जागा नाही. सकाळी दोन तास शिकवणी, दुपारी सान कामिलो बाजारात जाऊन तीच वाक्यं वापरायची. आठवडाभरात भाव विचारणं, जेवण सांगणं, बसची वेळ समजून घेणं एवढं जमतं आणि पुढचे पाच आठवडे त्यावर निघतात. शिकवणीला जेवढे सोल (पेरूचं चलन) जातील त्याच्या कितीतरी पट नंतर वाचतात, कारण भाषा आली की सहलवाल्यांच्या दारात उभं राहावं लागत नाही.

उंचीचे नियम सोपे आहेत, पाळायला मात्र मन घट्ट करावं लागतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर हजार मीटरला एक दिवस थांबावं. अँडीजमध्ये गावंच एकमेकांपासून इतकी वर-खाली आहेत की हे काटेकोर जमत नाही, म्हणून जिथे उडी मोठी आहे तिथे दोन-तीन रात्री जास्त द्यायच्या. पहिल्या दिवशी पोटभर जेवायचं नाही, दारू नाही, सामान घेऊन चढण नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा विलक्षण थकवा आला तर पुढे चढायचं थांबवायचं. दुसऱ्या दिवशीही उतार पडला नाही तर खालच्या गावी परत यायचं. सरळ रेषेत चालता येईना, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. तुम्ही एकट्या असणार, म्हणून हे मुद्दाम सांगते: मेंदूला सूज यायला लागली की आपल्याला काही झालंय हे स्वतःला कळत नाही. नव्या उंचीवरच्या पहिल्या रात्री लॉजच्या मालकिणीला सांगून ठेवा की मी सकाळी आठला खाली दिसले नाही तर दार वाजवा. तिथल्या बायकांना हे नवीन नाही. सोरोचे, म्हणजे उंचीचा त्रास, म्हटलं की त्या लगेच समजतात, आणि हातात मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या पाल्याचा गरम चहा देतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडची डायमॉक्स, निघण्याआधी डॉक्टरांना विचारून सोबत घ्या. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. ते अपेक्षित आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर हे आधीच सांगा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, तो प्यायला हरकत नाही, पण तो म्हणजे औषध नव्हे. आणि एकही पान किंवा चहाची पुडी बॅगेत राहू देऊ नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं.

अरेकिपानंतर कोल्काची दरी. रस्ता पातापाम्पाच्या ४,९१० मीटरच्या खिंडीतून जातो, पण झोपायला आपण काबानाकोन्देला ३,२९० मीटरवर उतरतो, त्यामुळे चढ उत्तम बसतो. पहाटे तीनला शहरातून निघणाऱ्या एक दिवसाच्या सहली सर्रास विकल्या जातात. त्यात दिवसातले बहुतेक तास गाडीत जातात आणि डोकं मात्र त्या खिंडीत दुखायला लागतं. त्याऐवजी स्थानकावरून साधी बस घ्या, पाच-सहा तास लागतात. दरीत शिरताना परदेशी माणसाला ७० सोलचं तिकीट काढावं लागतं. ते जपून ठेवा, पुन्हा तपासतात. काबानाकोन्देहून दरीच्या तळाशी सांगायेपर्यंतची उतरण अकराशे मीटरची आहे, म्हणजे कळसूबाईच्या बारी गावाकडच्या चढणीपेक्षाही जास्त, आणि तिचा त्रास गुडघ्यांना होतो. खाली पामची झाडं आणि पोहायचे हौद. रात्र तिथे काढायची आणि पहाटे पाचच्या आत चढायला लागायचं, कारण आठनंतर ती भिंत तापते. वाट ठळक आहे, वाटाड्या लागत नाही.

मग पुनो, अरेकिपाहून सहा तास. पुनो शहर मला कधी आवडलं नाही आणि तुम्ही तिथे एका रात्रीपेक्षा जास्त थांबावं असं मी म्हणणार नाही. तिथून धक्क्यावर जाऊन आमान्तानी बेटाची गावकऱ्यांची बोट पकडा. बेटावर हॉटेलं नाहीत. घरांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि तुमची पाळी ज्या घराची त्या घरची बाई धक्क्यावर न्यायला येते. राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण मिळून जो आकडा ठरतो तो थेट तिच्या हातात द्यायचा. मधल्या दलालाकडून शहरातच सगळं ठरवून आलात तर तिच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. शहरातून थोडी फळं, तांदूळ, साखर घेऊन जा. बेटावर हे सगळं बोटीनं आणावं लागतं. आणि शाकाहारी माणसाची या आख्ख्या प्रवासात सगळ्यात कमी अडचण कुठे होत असेल तर या बेटावर: किन्वाचं सूप, उकडलेले निरनिराळ्या रंगांचे बटाटे, ओका नावाचं आंबटगोड कंद, तळलेलं चीज. तिथली रात्र मात्र कडाक्याची असते. गोधड्या जड असतात, दोन मागून घ्या.

जेवणाचं आता सविस्तर सांगते, कारण कमी पैशांत फिरताना पोट नीट राहिलं तर बाकी निभतं. पेरूत दुपारच्या जेवणाला मेनू म्हणतात: आधी मोठा वाडगाभर सूप, मग एक मुख्य पदार्थ भाताबरोबर, आणि एक पेलाभर काढा किंवा सरबत. दहा-बारा सोलमध्ये पोट भरतं. हेच जेवण रात्री मागायला गेलात तर तिप्पट पैसे पडतात आणि शिळं मिळण्याचीही शक्यता असते. म्हणून मुख्य जेवण दुपारी एकच्या सुमारास, बाजारात, आणि रात्री सूप-पाव. उंचीवर रात्रीचं जड पचतही नाही.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात मागच्या बाजूला जेवणाच्या ओळी आहेत. फरशी लावलेला ओटा, पुढे लांब बाक, पलीकडे ॲप्रन बांधलेली बाई आणि तिच्यासमोर तीन-चार उंच पातेली. बाकावर जागा मिळेपर्यंत मागे उभं राहायचं. बसलं की ती विचारायच्या आधीच सूप वाढायला घेते, कारण सगळे तेच खातात. तुम्हाला तेवढ्या वेळात बोलावं लागेल. नुसतं सिन कार्ने म्हणालात तर ती मान डोलावेल आणि कोंबडीचा तुकडा वाढेल, कारण कार्ने म्हणजे तिच्या लेखी गाईचं किंवा डुकराचं मांस. कोंबडी त्यात येत नाही. वाक्य पूर्ण पाठ करा: नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. एवढ्यानं तुकडे टळतात, रस्सा टळत नाही. बहुतेक सूप हाडांच्या पाण्यावरच केलेली असतात. हे चालणार नसेल तर सूप सोडून द्या आणि भात, तळलेलं अंडं, बटाटा आणि सॅलड मागा. अंडंही चालत नसेल तर एवोकॅडो. त्याचे पैसे कमी घेतात. त्याच बाजारात पुढच्या ओळीत फळांच्या रसाच्या बायका बसतात. पेला संपला की यापा मागायचा, आणि ती मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस पुन्हा पेल्यात ओतते. मागायला लाजू नका, तो धरलेलाच असतो.

सकाळी रस्त्यावरच्या गाड्यांवर किन्वा आणि सफरचंद घालून उकळलेलं दाट पेय मिळतं, सोबत चीज घातलेला पाव. चार-पाच सोलमध्ये न्याहारी होते. मक्याचं कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा बसच्या खिडकीतही मिळतो. किविचा हे धान्य आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातलं आहे, आणि लाह्या फोडून केलेल्या त्याच्या वड्या कुठल्याही दुकानात असतात. खिंडीतल्या बसप्रवासाला मी त्याच बरोबर ठेवते. बोलिव्हियात संध्याकाळी जांभळ्या मक्याचं गरम आपी प्या. रोकोतो नावाची लाल मिरची दिसायला टोमॅटोसारखी आणि आत काळ्या बियांची असते. आपल्याला तिखटाची सवय आहे म्हणून चमचाभर तोंडात टाकू नका. नळाचं पाणी कुठेच प्यायचं नाही. या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, म्हणून उकळी आल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. मोठ्या बाटल्या विकत घेण्यापेक्षा क्लोरीनच्या गोळ्या न्या.

आता हिशेब. सोल सव्वीस रुपयांच्या आत-बाहेर धरा, निघताना खरा भाव बघा. साध्या ओस्पेदाहेमध्ये, म्हणजे लॉजमध्ये, एकटीची खोली किंवा हॉस्टेलमधला पलंग ४० सोल, खाणं ३० ते ३५, प्रवासाची सरासरी २०, इतर ५ ते १०. म्हणजे रोजचे शंभर सोल. सहा आठवड्यांचे साधारण एक लाख दहा हजार रुपये. बोलिव्हियात त्याहून कमी लागतात. उरलेल्या चाळीस हजारांत तिकिटं आणि अडीअडचण भागवायची: माचू पिचूचं साधं तिकीट १५२ सोल, कुस्को आणि परिसरातल्या सोळा ठिकाणांचं दहा दिवसांचं एकत्र तिकीट १३० सोल. खोली बघताना तीन गोष्टी स्वतः तपासा: गरम पाणी आत्ता येतंय का, गोधड्या किती, दाराला आतून कडी आहे का. खोल्यांत शेगडी नसते. शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल असते, पाणी चालू असताना त्याला हात लावायचा नाही.

रुपये तिथे कुणी घेत नाही. डॉलरच्या नोटा न्या, पण कोऱ्या. कोपरा एवढासा फाटला असला तरी परत करतात. बोलिव्हियात तर रोख डॉलर हवेतच. तिथला अधिकृत दर वर्षानुवर्षं डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो ठेवलेला होता, आणि २०२३ पासून डॉलरची टंचाई झाल्यावर बाहेरचा भाव त्यापासून फार दूर गेला. कार्डावर एक भाव, रोखीवर दुसरा, अशी परिस्थिती प्रवाशांनी अनुभवली आहे. तुम्ही जाल त्या आठवड्यातली स्थिती सीमेपलीकडच्या कोपाकाबाना गावात उतरल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारून मगच नोटा बदला. पेरूत शंभर सोलची नोट घेऊन बाजारात जाऊ नका, सुटे कुणाकडेच नसतात. मोठी नोट सुपरमार्केटमध्ये मोडून घ्यायची.

पुनोहून कोपाकाबाना तीन-चार तास. कासानीच्या सीमेवर पेरूचा निघण्याचा शिक्का घ्यायला विसरू नका. बोलिव्हियात घड्याळ एक तास पुढे करायचं. कोपाकाबानाहून ला पाझला जाताना तिकिनाची सामुद्रधुनी लागते. तिथे सगळ्यांना बसमधून उतरवतात, माणसं छोट्या लाँचनं पलीकडे जातात, आणि बस मात्र लाकडी तराफ्यावर चढवून, वाऱ्यावर हेलकावे खात, हळूहळू येते. पासपोर्ट, पैसे आणि फोन बसमध्ये ठेवू नका, आणि पलीकडे उतरल्यावर आपली बस येईपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवा. ती कुणासाठी थांबून राहत नाही. ला पाझमध्ये फिरायला २०१४ मध्ये सुरू झालेल्या रोपवेच्या लाइनी आहेत. एका लाइनीचं तिकीट ३ बोलिव्हियानो. ला पाझच्या वर वसलेल्या एल आल्तो शहराला जाणारी लाल लाइन गुरुवारी किंवा रविवारी पकडलीत तर वर आठवडी बाजार भरलेला असतो, आणि उबदार जाकीट घरून नेण्याऐवजी तिथेच जुन्या कपड्यांच्या ढिगातून घेता येतं.

ला पाझहून मागे वळून कुस्को. तोवर शरीर तयार झालेलं असतं, आणि कुस्कोत पहिल्या दिवसापासून चालता येतं. माचू पिचूला परदेशी प्रवाशांच्या आगगाडीचे जाण्यायेण्याचे शंभर डॉलरच्या वर जातात. त्याला पर्याय आहे. कुस्कोहून व्हॅन ओयान्तायताम्बो मागे टाकून ४,३१६ मीटरच्या आब्रा मालागा खिंडीत चढते, आणि मग उतरतच जाते. खिंडीत काचेवर दव गोठलेलं असतं. तीन तासांनी खाली सान्ता तेरेसाला केळीच्या बागा आणि कॉफी. सहा-सात तासांनी इद्रोएलेक्त्रिकाला रस्ता संपतो. तिथून रुळांच्या कडेनं दहा-अकरा किलोमीटर सपाट चालायचं, डावी-उजवीकडे जंगल, बाजूला उरुबाम्बा नदी, मागून शिट्टी आली की बाजूला व्हायचं. अडीच-तीन तासांत माचू पिचूच्या पायथ्याचं गाव, आग्वास कालिएन्तेस येतं. शेवटी बोगदे लागतात. त्यांत न शिरता रस्त्यानं वळसा घाला. चावणाऱ्या माश्यांसाठी लांब बाह्या हव्यात. दुपारी तीनच्या पुढे ही चाल सुरू करू नका, आणि जानेवारी ते मार्चमध्ये हा रस्ता धरू नका, दरडी कोसळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे अवशेषांपर्यंत पायऱ्यांनी चढता येतं, दीड तास. बसचे पैसे वाचतात. तिकीट पासपोर्टच्या नावावर आणि ठरावीक वाटेचं मिळतं. दुसऱ्या क्रमांकाची वाट घ्या. जून ते ऑगस्टमध्ये ती कित्येक आठवडे आधी संपते. आग्वास कालिएन्तेसला रोज एक हजार तिकिटं समोरासमोर विकतात, पण त्यासाठी गावात एक-दोन रात्री जास्त काढायची तयारी हवी.

जास्तीचे दिवस तसेही हाताशी ठेवायलाच हवेत. या देशांत लोक रस्ता अडवून आपलं म्हणणं मांडतात, दगड आणि टायर टाकतात, आणि मग दिवसभर काहीच हलत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांना हटवल्यानंतर दक्षिण पेरूतले रस्ते आठवडेच्या आठवडे बंद होते, आणि माचू पिचू २१ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२३ बंद ठेवावं लागलं. एवढं मोठं दर वर्षी होत नाही, एक-दोन दिवसांचं मात्र नेहमी होतं. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी बसच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: आय पारो मान्याना? उद्या बंद आहे म्हणाले तर जिथे आहात तिथेच राहा. अडवलेला नाका चालत ओलांडायचा, व्हिडिओ काढायचे, असलं काही करू नका. त्या लोकांचा राग खरा असतो आणि कारणंही खरी असतात. परतीच्या विमानाआधी लिमात निदान दोन मोकळे दिवस हवेत.

एकट्या बाईनं जावं का? जावं. डोंगरी गावांत दिवसा मला कधी असुरक्षित वाटलं नाही. धोका असतो तो मोठ्या शहरांत, अंधारात, आणि गाडी बदलताना. म्हणून नव्या गावी दुपारी चारच्या आत पोचेल अशीच बस निवडा. रात्रीची बस पहाटे चारला स्थानकावर टाकणार असेल तर उजाडेपर्यंत आत, बायाबापड्यांच्या घोळक्यात बसून राहा. लॉजचे पैसे वाचवायला रात्रीची बस घेणं मला पटत नाही. घाटाचे रस्ते दिसणं आणि चालक जागा असणं दोन्ही महत्त्वाचं आहे. पिशवी वरच्या फळीवर ठेवायची नाही, मांडीवर किंवा पायांत, पट्टा पायाला अडकवून. व्हॅनमध्ये पोत्यांची गाठोडी घेतलेल्या बाईच्या शेजारी बसा. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी नको, लॉजवरून बोलवा. ला पाझमध्ये नकली पोलिसांची जुनी तऱ्हा आहे: आधी एक गोड बोलणारा प्रवासी ओळख काढतो, मग साध्या वेशातला अधिकारी येऊन दोघांची कागदपत्रं आणि पैसे तपासायला मागतो आणि टॅक्सीत बसा म्हणतो. बसायचं नाही. पासपोर्टची झेरॉक्स दाखवायची आणि चालत चौकीवर येते म्हणायचं. कुस्कोच्या वरचे अवशेष सूर्य मावळायच्या आधी सोडा. आणि आयावास्काच्या विधींच्या जाहिराती जागोजागी दिसतील. शुद्ध हरपवणारं पेय अनोळखी माणसाच्या हातून एकटीनं घेऊ नका. तिथे बायकांवर अत्याचार झालेले आहेत.

कुत्र्यांचंही सांगायला हवं. मेंढपाळांची कुत्री अंगावर येतात. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की बहुतेक थांबतात. पण अरेकिपात २०१५ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज पुन्हा सापडतो आहे, म्हणून निघण्याआधी लशीचे डोस घेऊन ठेवा. चावलं तरीही जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचाच. विमा घेताना चार हजार मीटरच्या वरची पायपीट धरलेली आहे का ते अटींमध्ये शोधा. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ती वगळलेली असते.

सामान नऊ किलोच्या आत. महिना विचाराल तर मे. पावसाळा संपलेला, डोंगर अजून हिरवे, आणि २४ जूनच्या इन्ती रायमी या सूर्योत्सवासाठी कुस्कोतले भाव चढायच्या आधी तुम्ही परत. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरही चांगले. जून-जुलैत आकाश सगळ्यात स्वच्छ, पण पुनोत रात्री पारा शून्याखाली आणि सगळीकडे गर्दी.

कागदपत्रांचं काम तीन महिने आधी सुरू करा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा तुमच्याकडे असेल तर २०१७ पासून भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या दूतावासाकडे अर्ज करायचा, आणि बोलिव्हियाहून परत पेरूत यायचं असल्यामुळे एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागायचा. बोलिव्हियाच्या व्हिशाचे नियम वेळोवेळी बदलतात, तेही दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. विमान कुठल्या देशातून बदलतंय ते तिकीट काढायच्या आधी बघा. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. आणि पीतज्वराची लस. तुम्ही जंगलात पाऊल टाकलं नाहीत तरी पेरू आणि बोलिव्हिया हे भारताच्या यादीतले पीतज्वराचे देश आहेत. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तारीख आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाच्या टेबलावर ते बघायला मागतात.